डोंबाऱ्याचा खेळ म्हणे!

मराठी वर्तमानपत्रात 'फ्रीस्टाइल' हा शब्द दिसला की समजावं, कुठल्यातरी नगरपालिकेच्या सभेत खुर्च्या उडाल्या आहेत. त्याआधीच्या पिढीला फ्रीस्टाइल म्हटलं की दारासिंग आणि किंगकाँग आठवायचे. त्यामुळे फ्रीस्टाइल फुटबॉल म्हणजे ज्यात पंच नसतो आणि लाथा चेंडूऐवजी माणसांना बसतात असा फुटबॉल, अशी कुणाची समजूत झाली तर नवल नाही. (कोल्हापूरकरांनी हलके घ्यावे.)

प्रकार अगदी वेगळा आहे. यात गोलपोस्ट नाही, अकरा जणांचा संघ नाही, मैदानसुद्धा नाही. एक माणूस, एक चेंडू आणि दोन-तीन पावलं टाकता येतील एवढी सपाट जागा. चेंडू पाय, मांडी, छाती, खांदा, मान, कपाळ यांवर खेळवायचा. बसून खेळवायचा, पाठीवर लोळून खेळवायचा, हातांवर उलटं उभं राहून तळपायांनी खेळवायचा. संगीत चालू असतं, त्याच्या ठेक्यावर. हाताने चेंडू पकडायचा नाही. झालं, एवढंच.

मी गेली बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे. पीएच.डी. इथंच केली, आता एका संशोधन प्रयोगशाळेत यंत्रांच्या नियंत्रण प्रणालींवर काम करतो. या फ्रीस्टाइलचे व्हिडिओ भारतातल्या मित्रांना आणि नातेवाइकांना पाठवले की हमखास दोनच वाक्यं परत येतात. पहिलं, "याने गोल होतो का?" हे विचारणारे बहुतेक रात्री दीड-दोनपर्यंत जागून चॅम्पियन्स लीग बघणारे असतात. दुसरं वाक्य मावशीपासून निवृत्त मुख्याध्यापकांपर्यंत कुणाकडूनही येतं: "हा तर डोंबाऱ्याचा खेळ!"

आज या दोन वाक्यांशी भांडायचं आहे. पहिल्याशी भांडण सोपं आहे. दुसऱ्याशी अवघड आहे, कारण ते वाक्य अगदी खरं आहे. ते शिवी म्हणून वापरलं जातं, भांडण तिथं आहे.

आधी जरा गणित. अभियंत्याच्या लेखात ते येणारच, सोसून घ्या.

फ्रीस्टाइलमधली बाराखडी म्हणजे 'अराउंड द वर्ल्ड' नावाची करामत. पायाने चेंडू वर उडवायचा, तो खाली यायच्या आत त्याच पायाने चेंडूभोवती एक पूर्ण फेरी मारायची आणि पुन्हा त्याच पायावर तो झेलून पुढे उडवायचा. बघताना वाटतं, यात काय मोठंसं! आता मोजा. चेंडू पायापासून ३० सेंटिमीटर वर उडवला तर वर जाऊन परत यायला त्याला साधारण अर्धा सेकंद लागतो. चेंडूचा व्यास सुमारे २२ सेंटिमीटर. त्याला न शिवता भोवती फिरायचं म्हणजे पावलाला सव्वा ते दीड मीटरचं अंतर कापावं लागतं. म्हणजे पाऊल सरासरी ताशी दहा किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने गोल फिरतं आणि फेरीच्या शेवटी जवळजवळ थांबतं, कारण चेंडू तिथं मऊ उतरला पाहिजे. हे सगळं दुसऱ्या पायावर उभं राहून.

तुम्ही म्हणाल, मग चेंडू जास्त उंच उडवावा, वेळच वेळ मिळेल. इथंच निसर्ग आडवा येतो. वेळ उंचीच्या वर्गमुळाने वाढतो. वेळ दुप्पट हवा असेल तर उंची चौपट लागते, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या जागी १२०. आणि उडवताना दिशा जरा चुकली तर काय होतं बघा. सरळ उभ्या रेषेपासून फक्त तीन अंश चुकलात, तर ३० सेंटिमीटर उंचीला चेंडू सहा सेंटिमीटर बाजूला पडतो, ते सावरता येतं. १२० सेंटिमीटरला तोच चेंडू २५ सेंटिमीटर बाजूला पडतो, म्हणजे आपल्या व्यासापेक्षाही जास्त. तेव्हा उंची वाढवून वेळ विकत घेता येत नाही. पाय वेगवानच करावा लागतो. एका उडवण्यात दोन फेऱ्या मारणारे आहेत, तीन मारणारेही आहेत. अर्ध्या सेकंदात दोन फेऱ्या म्हणजे पाऊल ताशी वीस किलोमीटरला गेलं. मी रोज ज्या मोटारी आणि संवेदक घेऊन बसतो त्यांच्याकडून हे करवून घ्यायचं तर आमच्या गटाला निदान तीन वर्षांचं अनुदान लागेल, आणि शेवटी अहवालात 'अंशतः यशस्वी' असं लिहावं लागेल.

या करामतींना नावं असतात, आणि बरीचशी नावं ज्यांनी त्या पहिल्यांदा केल्या किंवा गाजवल्या त्यांची असतात. मोरोक्कन वंशाचा डच खेळाडू सूफियान तूझानी याच्या नावाची एक फेरी आहे, तीत चेंडूभोवतीची प्रदक्षिणा आणि उडी मारून पाय ओलांडणं एकाच झोक्यात होतं. अब्बासच्या नावाची आहे, लेमन्सच्या नावाची आहे. विज्ञानात नियमांना आणि प्रमेयांना माणसांची नावं देतात तसंच. एकाने काढलेली गोष्ट दुसरा पाठ करतो, तिसरा त्यात भर घालतो. याला परंपरा म्हणतात. आपल्याकडे गाण्यात असली की कौतुकाने सांगतो आपण.

आता पहिलं वाक्य. याने गोल होतो का?

नाही होत. गोळाफेकीनेही होत नाही. बांबू घेऊन सहा मीटरच्या आडव्या दांडीवरून उडी मारणाऱ्याला आपण विचारत नाही, की बाबा रे, पलीकडे तुझं काय काम होतं? खेळाला त्याच्या बाहेरचा उपयोग विचारायचा नाही, हा सगळ्याच खेळांचा मूळ करार आहे. गोलचा तरी बाहेर काय उपयोग? जाळीत चेंडू गेल्याने कुणाची विहीर भरते? पण फ्रीस्टाइल फुटबॉलमधून निघाला, घरातल्या धाकट्या भावासारखा, म्हणून त्याला सतत थोरल्याच्या मापाने मोजतात.

आणि थोरल्याला या धाकट्याची भीती वाटते हेही खरं. ब्राझीलमध्ये केर्लोन नावाचा पोरगा होता. चेंडू कपाळावर टपटप उडवत बचावपटूंच्या मधून पळायचा, सर्कशीतल्या सीलसारखा. नियमात पूर्णपणे बसणारी गोष्ट. २००७ मध्ये क्रुझेरोकडून आतलेतिको मिनेरोविरुद्ध खेळताना त्याने ते केलं, तर समोरच्या बचावपटूने त्याला आडवाच केला. बचावपटूवर बंदी आली, पण नंतर चर्चा काय झाली? की केर्लोनने प्रतिस्पर्ध्याचा अपमान केला. ब्राझीलमध्ये, बरं का, जिथं सुंदर खेळाचे गोडवे गातात! इंग्लंडमध्ये तर विचारूच नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या अँटनीने शेरीफविरुद्धच्या सामन्यात चेंडू पायाखाली ठेवून स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि पुढचा पास बाहेर घालवला. मध्यंतराला त्याला बाहेर काढलं आणि पॉल स्कोल्ससारख्या दिग्गजाने त्याची कानउघाडणी केली. पास चुकला म्हणून एवढं कुणी रागावत नाही, दर सामन्यात शेकड्याने पास चुकतात. राग गिरक्यांचा होता. इथल्या फुटबॉलच्या संस्कृतीत घाम गाळणं पुण्य आणि मजा करणं पाप. आमच्या शाळेतले पीटीचे सर इथं आले असते तर एकदम खूश झाले असते.

पण लोकांना काय आठवतं ते बघा. १९ एप्रिल १९८९ रोजी म्युनिकमध्ये बायर्न विरुद्ध नापोली, यूएफा कपचा उपांत्य सामना. त्या सामन्याचा निकाल किती जणांना आठवतो? (२-२.) पण सामन्याआधी मैदानावरच्या ध्वनिवर्धकातून वाजणाऱ्या गाण्याच्या ठेक्यावर, बुटाच्या नाड्या सुटलेला मॅराडोना चेंडू खांद्यावर, मांडीवर, डोक्यावर नाचवत होता, ती दोन-तीन मिनिटं आजही जगभर बघितली जातात. तो काही त्या दिवशी नव्याने सुचलेला प्रकार नव्हता. लहानपणी आर्जेंटिनोस ज्युनियर्सच्या सामन्यांत मध्यंतराला चेंडू उडवून दाखवायला त्याला मैदानात सोडत. जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूंपैकी एकाची लोकांशी पहिली ओळख ही अशी, मध्यंतराचा खेळवाला म्हणून झाली. गोल नंतर आले.

काही शहाणे आणखी एक मुद्दा काढतात: ज्यांना मुख्य खेळात जागा मिळत नाही ते इकडे वळतात. काही वळतात, खरं आहे. लँकेशायरची लिव्ह कुक ब्लॅकबर्न रोव्हर्सच्या अकादमीत होती, पाठीच्या दुखापतीने फुटबॉल सुटला, फ्रीस्टाइलला लागली आणि २०१७ मध्ये प्रागला जगज्जेती झाली. यात कमीपणा कुठे आहे? आणि उलट बाजूने बघा. जॉन फार्नवर्थ नावाच्या इंग्रज फ्रीस्टाइलरने २०११ ची लंडन मॅरेथॉन चेंडू पायावर उडवत उडवत पूर्ण केली, १२ तास १५ मिनिटांत. प्रीमियर लीगमधल्या कुणालाही ४२ किलोमीटर सोडा, बस थांब्यापासून घरापर्यंत सांगा.

ज्यांना स्पर्धाच हवी त्यांच्यासाठी स्पर्धाही आहे. रेड बुल स्ट्रीट स्टाइलची पहिली जागतिक अंतिम फेरी २००८ मध्ये साओ पाउलोला झाली, फ्रान्सचा शाँ गार्निये जिंकला. २०१२ मध्ये इटलीतल्या लेच्चे इथं जपानचा कोतारो तोकुडा जिंकला. समोरासमोर दोघं, तीन मिनिटं, दोघांत मिळून एकच चेंडू, काही सेकंद तू आणि काही सेकंद मी. जुगलबंदीच ती. समोरच्याने जे केलं त्याला उत्तर द्यायचं, त्याच्याच करामतीत आपली एक फेरी जास्त घालून चेंडू त्याच्या अंगावर सोडायचा. तबला-पखवाज ऐकणाऱ्या माणसाला यातली खुमखुमी समजावून सांगायची गरज नाही. पंच अवघडपणा बघतात, चेंडूवरचा ताबा बघतात, कल्पकता आणि शैलीही बघतात.

शैली आली की पुढचं भांडण सुरू. मग हा खेळ की कला?

मला हा प्रश्नच इंग्रजी वाटतो. मराठीत 'खेळ' म्हणजे कबड्डी, आणि 'खेळ' म्हणजे सिनेमाचा सहाचा शो. जादूगाराचा खेळ, कठपुतळ्यांचा खेळ, खोखोचा खेळ. आपल्या भाषेने ही भिंत घातलीच नव्हती. आपण शाळेच्या वेळापत्रकात पीटी आणि चित्रकला असे वेगळे तास करून ती घातली. भिंत किती तकलादू आहे ते ऑलिंपिकवाल्यांनीच दाखवलं आहे. १९१२ ते १९४८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये चित्रकला, शिल्पकला, संगीत, साहित्य, वास्तुकला यांची पदकं देत असत. १९१२ मध्ये साहित्याचं सुवर्ण खुद्द कुबेर्तँ यांनी टोपणनावाने पटकावलं! (संमेलनाध्यक्षाने स्वतःच ठेवलेला पुरस्कार स्वतःच घ्यावा तसं.) नंतर कलेला हाकललं, पण फिगर स्केटिंग आणि जिम्नॅस्टिक्स राहिलेच, आणि २०२४ ला पॅरिसमध्ये ब्रेकिंग नाच आला. २०२८ च्या लॉस एंजलिसच्या यादीत मात्र त्याला जागा नाही. कोण आत, कोण बाहेर, हे ठरवणारी समिती असते. खेळाच्या स्वभावात त्याचं उत्तर शोधू नये.

म्यानमारमध्ये चिनलोन नावाचा प्रकार आहे. वेताचा विणलेला चेंडू, सहा जणांचं रिंगण, एक मध्ये उभा राहून करामती करतो, बाकीचे त्याला चेंडू पुरवतात. विरुद्ध संघच नाही. चेंडू पडला तर कुणी हरलं नाही, पुन्हा सुरू करायचं. देवळांच्या जत्रांत वाद्यांच्या साथीवर चालतो. आणि याच चिनलोनला २०१३ च्या आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धांत, नेपिडोला, पदकं होती. जपानी दरबारातला केमारीही असाच, चेंडू खाली पडू न देणं एवढाच हेतू. क्योटोच्या शिमोगामो देवळात दर जानेवारीत तो दरबारी वेशात अजून होतो. म्हणजे फ्रीस्टाइल ही बुटांच्या कंपन्यांनी परवा काढलेली टूम आहे असं जे म्हणतात, त्यांनी जाहिरातीपलीकडे बघितलेलंच नाही. कंपन्यांनी त्याला नाव दिलं, पैसा दिला आणि आपलं चिन्ह चिकटवलं.

गुणांकनाबद्दल मात्र माझं मत जरा तिखट आहे. अवघडपणाचं कोष्टक बनवलं की सगळे कोष्टकासाठीच खेळू लागतात. फिगर स्केटिंगमध्ये २००२ च्या सॉल्ट लेक सिटीच्या निकालावरून एवढा गदारोळ झाला, की सहापैकी गुणांची जुनी पद्धत मोडीत काढून प्रत्येक उडीला भाव ठरवून दिला. आता बेरीज कशी झाली ते कळतं, आणि जाणकार म्हणतात की सगळे कार्यक्रम एकसारखे दिसतात. फ्रीस्टाइल त्याच वाटेवर जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आमच्या प्रयोगशाळेत एक पोलिश तंत्रज्ञ आहे. जेवणाच्या सुट्टीत मागे गाड्या लावतात तिथं याचा सराव चालतो, शनिवार-रविवारी लग्नांत आणि कंपन्यांच्या समारंभांत पैसे घेऊन खेळ करतो. त्याने सांगितलेली गोष्ट मला कुठल्याही पुस्तकात सापडली नसती. तो म्हणाला, "माझी सगळ्यात अवघड करामत मी लोकांसमोर कधीच करत नाही. कुणाला दिसतच नाही ती." एका उडवण्यात तीन फेऱ्या बसवायला त्याला दोन वर्षं लागली, लोकांना फक्त पाय थरथरल्यासारखा वाटतो. उलट चेंडू मानेवर तोलून सावकाश शर्ट काढला की टाळ्यांचा कडकडाट, आणि ते तो पहिल्या काही महिन्यांतच शिकला होता. म्हणून त्याच्याकडे दोन वेगळे खेळ आहेत, एक पंचांसाठी आणि एक वऱ्हाडासाठी. आणि त्याच्या मते दुसरा जास्त कठीण. कधी थांबायचं, मुद्दाम चेंडू पाडायचा की नाही, कुठल्या पोराला पुढे बोलवायचं, हे सगळं सांभाळत चेंडूही सांभाळायचा.

हे जुनं शहाणपण आहे. एनरिको रास्तेल्ली (१८९६-१९३१) हा इटालियन बाजीगर एका वेळी दहा चेंडू हवेत ठेवायचा. पण लोक वेडे व्हायचे ते तो फुटबॉलपटूच्या वेशात येऊन प्रेक्षकांनी फेकलेले मोठे चेंडू तोंडात धरलेल्या काठीवर झेलायचा तेव्हा. आज ज्याला आपण फ्रीस्टाइल म्हणतो त्याचा एक आजोबा मैदानात शोधायचा, दुसरा सर्कशीत. आणि सर्कशीतला आजोबा नाकारायचं काही कारण नाही.

तर आलो दुसऱ्या वाक्यावर. डोंबाऱ्याचा खेळ.

आपली भाषा जरा निरखून बघा. 'तमाशा करू नकोस', 'नाटकं पुरेत', 'सोंगं आणतोय', 'काय नौटंकी लावलीय', 'डोंबाऱ्याचा खेळ'. लोकांसमोर कला दाखवून पोट भरणाऱ्यांचे जेवढे म्हणून धंदे आहेत, त्या सगळ्यांच्या आपण शिव्या केल्या आहेत. आणि गंमत पुढेच आहे. दर अर्थसंकल्पाला मथळा येतो, 'अर्थमंत्र्यांची तारेवरची कसरत'. तिथं तारेवर चालणं एकदम आदराचं! ती तार कुणाची? ती कसरत कुणाची? डोंबाऱ्याची. कसब साहेबाला लावलं की कौतुक, ज्याचं आहे त्याच्याकडे असलं की हेटाळणी. म्हणजे राग त्या कसरतीचा नव्हताच. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत ज्यांचं नाव आहे त्या माणसांबद्दलचा तो भाव आहे, खेळाच्या नावाखाली बाहेर येतो.

हेच कायद्यातही आहे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यातली भिकेची व्याख्या काढून वाचा. सार्वजनिक जागी दान मागणं किंवा घेणं म्हणजे भीक. मग ते गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं अशा कुठल्या बहाण्याने का असेना. बहाणा! दहा वर्षं घासून मिळवलेला तोल हा बहाणा. त्या कायद्याने पोलिसाला वॉरंटशिवाय पकडायचा अधिकार दिला, आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं संस्थेत डांबायची तरतूद केली. दिल्लीतही हाच कायदा लागू केला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली.

आता याच्यासमोर लंडनचं कॉव्हेंट गार्डन ठेवा. तिथं १६६२ मध्ये सॅम्युएल पीप्सने कठपुतळ्यांचा खेळ बघून रोजनिशीत नोंद केली, आणि त्या जागी आता त्याची पाटी आहे. आजही तिथं कुणी मशाली फेकतो, कुणी चेंडू नाचवतो, शेवटी टोपी फिरते. उन्हाळ्यात भारतातून येणारी आपली मंडळी कडेला बसून, पोरांना पुढे बसवून हे बघतात. टोपीत पाच पौंडांची नोट टाकतात आणि परतताना मला सांगतात, "काय कला आहे हो या लोकांत! आपल्याकडे नाही बाबा असं." पॅरिसला गेले तर साक्रे-कर चर्चसमोर इया त्राओरे दिव्याच्या खांबावर चढून चेंडू खेळवतो, त्याच्याबरोबर फोटो काढतात. इया त्राओरे मूळचा पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीचा आहे, रस्त्यावर खेळ करतो आणि लोकांच्या नाण्यांवर त्याने सुरुवात केली. तो कलाकार, आणि स्वारगेटला ढोलकं वाजवत दोरीवर चालणारं कुटुंब दिसलं की आपण गाडीची काच वर करतो.

इंग्लंड स्वर्ग आहे असं मी म्हणत नाही. वेस्टमिन्स्टरच्या महापालिकेने २०२१ पासून रस्त्यावरच्या कलाकारांना परवाने आणि ठरलेल्या जागा अशी योजना लावली तेव्हा कलाकारांनी जोरदार विरोध केला, आणि त्यांच्या बऱ्याच तक्रारी मला पटतात. पण वाद कशावर होता? जागा कुठे, वेळ किती, आवाज किती. हा माणूस भिकारी आहे का, यावर नव्हता.

इथं कुणीतरी नक्की म्हणेल, सहा वर्षांच्या पोरीला दोरीवर चढवणं तुला कला वाटते का? नाही वाटत. ती पोर शाळेत हवी, आणि खाली जाड गादी असल्याशिवाय कुणीही मूल दोरीवर नको. पण हा आक्षेप तेवढाच आणि तिथंच ठेवा. त्याच वयाची मुलगी शिवाजी पार्कात दोरीच्या मल्लखांबावर उलटी लटकते, तेव्हा आपण तिचे फोटो परदेशातल्या नातेवाइकांना पाठवतो. २०१९ मध्ये तिथं मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा माझी छातीही फुगली होती. दोघींच्या हातातली दोरी सारखीच. एकीखाली गादी, प्रशिक्षक, शाळा आणि प्रमाणपत्र आहे, दुसरीला यातलं काहीच नाही. दुसरीला हे द्यायचं सोडून आपण तिचा खेळच बंद केला, की तिच्याकडे जे एक होतं तेही गेलं. आणि तिच्या तीस वर्षांच्या बापाला, जो तिच्यापेक्षा चांगला चालतो, त्याला रस्त्यावर खेळ करायला कुठलं बालहक्काचं कारण आडवं येतं?

फ्रीस्टाइल फुटबॉल महाराष्ट्रात येतो आहे, पोरं यूट्यूबवर बघून इमारतीच्या गच्चीवर शिकताहेत, हे छान आहे. माझी भीती वेगळी आहे. त्याला हळूहळू संघटना, टी-शर्ट, पुरस्कर्ते मिळतील, मॉलमध्ये गालिचा टाकून स्पर्धा होतील, आणि आपण म्हणू की हा 'खेळ' आहे बुवा, आधुनिक. मग मॉलच्या दाराबाहेर थाळी ठेवून तोच तोल सांभाळणाऱ्याला सुरक्षारक्षक हाकलेल, आणि त्यात विसंगती आहे असं कुणाला वाटणारही नाही. चेंडूवाल्या पोरांनीच आधी सांगावं की हो, आम्ही डोंबारीच आहोत. पॅरिसचा इया त्राओरे ते लपवत नाही, आमचा पोलिश तंत्रज्ञही लपवत नाही.

मागणी म्हणाल तर फार मोठी नाही. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर आता ऐसपैस पदपथ झाले आहेत, मुंबईत समुद्राकाठी आहेत, प्रत्येक शहरात एखादी बाग आहे. तिथं दोन मीटर बाय दोन मीटरचे चार-पाच चौकोन आखा. चेंडूवाला, दोरीवाला, बहुरूपी, गिटारवाला, जो येईल त्याला अर्धा-अर्धा तास, थाळी ठेवायची मुभा, आणि पोलिसाला त्या थाळीशी काही देणंघेणं नाही असा एक साधा आदेश. गर्दी होईल, रहदारी अडेल, हा आक्षेप दहा दिवस अर्धा रस्ता मांडवांना देणाऱ्या शहरांनी घेऊ नये. पांढऱ्या रंगाची अडचण तर अजिबात नाही. महापालिकांकडे तो भरपूर शिल्लक असणार, झेब्रा क्रॉसिंगवर खर्च झालेला काही दिसत नाही.